पलटणीतलं माणूस

"इचार त्यांना, पानी घेनार का," दाराआडून आई म्हणाली.

दार आणि ओटा यांच्यामध्ये मी उभी होते. समोर शाळेतून मागून आणलेल्या खुर्चीवर सुभेदार ज्योत्याजी निकम बसले होते. आईचा शब्द त्यांना स्वच्छ ऐकू गेला होता, पण ते माझ्याकडे बघत थांबले. पाटलाच्या घरातली बाई परक्या पुरुषाशी बोलत नसे, विधवा झालेली तर नाहीच. तिचं बोलणं माझ्या तोंडून बाहेर यायचं आणि त्यांचं उत्तर माझ्या कानातून आत जायचं, मग मधे नुसती एक फळी का असेना.

"पाणी घेणार का?" मी विचारलं.

"नको म्हणावं, पोरी. कामाचं बोलू."

आई कामाचंच बोलली. "इचार, आमचा पोरगा पलटनीत दिला तर आमचं गाऱ्हानं सायबाच्या कानावर जाईल का?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. ते शेजारच्या गावचे. हयात पलटणीत घालवून पेन्शनीत आलेले, आणि जर्मनची लढाई पेटल्यावर सरकारनं त्यांना पुन्हा बोलावून गावोगाव शिपाई गोळा करायच्या कामाला लावलेलं. दुसरे भरतीवाले पोरांना जिलेबी चारून, बाजा वाजवून न्यायचे. निकम सुभेदारांची तशी रीत नव्हती.

"जाईल," ते म्हणाले. "ज्याचं माणूस पलटणीत, त्याच्या घरचा अर्ज आधी ऐकायचा, असा साहेबाचा हुकूम आहे. पण वहिनीसाहेबांना हेही सांग. आपली पलटण समुद्रापार बसऱ्याच्या मुलखात आहे. तिथं गोळीनं मरतात त्याहून जास्त पाण्यावाचून आणि तापानं मरतात. मागाहून मला शिव्या नकोत, म्हणून आधीच सांगतो."



"सांग त्यांना," आई म्हणाली, "पान्यावाचून आमी हितंच मरतोय."

ते खोटं नव्हतं. वडील प्लेगात गेले आणि त्यांचं तेरावं होतंय न होतंय तोच सयाजीतात्यांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, पाटीलकी स्वतःच्या नावावर लावून घेतली. कचेरीत त्यांनी सांगितलं, थोरल्याचा पोरगा भोळसर आहे, त्याला कारभार झेपायचा नाही. पाटीलकी गेली त्याच वाटेनं बंधाऱ्याचं पाणीही गेलं. आमची पाळी आली की पाट कोरडा. जोंधळा जागच्या जागी करपला. आई तालुक्याच्या कचेरीत गेली तेव्हा मी बरोबर होते. आम्हाला बाहेर कडुलिंबाखाली बसवून ठेवलं. दिवस कलायला आला तसा कचेरीचा शिपाई येऊन म्हणाला, "बाई, घरात कुणी पुरुषमाणूस नाही का? त्याला पाठवा."

त्याच दुपारी आमच्या देखत खाकी कपड्यातला एक पोरगा आत गेला होता. रजेवर आलेला. कुणा मेंढपाळाचा मुलगा असावा, कारण त्याचा बाप घोंगडं घेऊन आमच्याशेजारीच बसला होता. आतून मामलेदारांचा आवाज आला, "बस रे, बस." थोड्या वेळानं तो पोरगा बांधाचा हुकूम हातात घेऊन बाहेर आला, आणि ज्या शिपायानं आम्हाला हटकलं त्यानंच त्याला सलाम ठोकला. आई त्या पोराच्या बुटांकडे बघत राहिली.  पुढच्या बाजारी तिनं सुभेदारांना सांगावा धाडला.

माझ्या भावाला, आनंदादादाला, हे कळलं ते दिवस मावळताना. तो गोठ्यात बैलाच्या शिंगांना तेल चोळत होता. अंगानं उंच, पण वाकून चालायचा. माणसांशी बोलताना अडखळायचा आणि बैलांशी तासन्‌तास बोलायचा.

"तुला जायचंय का रं दादा?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग सांग की आईला."

"तूच सांग. समद्यांचं समद्यांना तूच सांगतीस." तो हसला. मग म्हणाला, "नको. ती इचारंल, मग दुसरं काय करू ते तू सांग. त्येला माझ्याकडं जवाब न्हाई."

"लढाईत भ्या वाटंल तुला."

"भ्या हितं बी वाटतंया. तात्या म्होरं आलं की जीभ टाळ्याला चिकटती. खाकी घातल्यावर सुटंल कदाचित." त्यानं बैलाच्या मानेवर थाप मारली. "आनि आई काय वंगाळ बोलत न्हाई, हौसा. आपल्याला कोन इचारतंय? मारनारा इचारत न्हाई आनि तारनारा बी न्हाई."

भरतीचा तळ आमराईत पडला होता. राहुट्या, कलेक्टरसाहेबाचं मेज, उंची मोजायचा खांब. आईनं छकडा आमराईच्या कडेला सोडायला लावला आणि पडदा लावून आत बसली. मी छकडा आणि राहुटी यांच्यात खेपा घालत होते. दादाच्या छातीवर फीत लावली तेव्हा तो लाजला होता. डॉक्टरनं त्याचे दात बघितले, पाठीवर बोटं वाजवली आणि मान हलवली. पास.

"पास झाला," मी पडद्यापाशी येऊन सांगितलं.

"सायबाला आमचं गाऱ्हानं सांगितलं का सुभेदारांनी?"

मी परत निघाले तेवढ्यात वाटेवर तात्यांची घोडी दिसली. मागून खाशाबा चालत होता. खाशाबा तात्यांचा एकुलता एक मुलगा, तालमीतला गडी; जत्रेत त्यानं मानाच्या नारळाची कुस्ती कधी सोडली नव्हती. तात्या घोडीवरून उतरले, छकड्याजवळ आले आणि पडद्याला उद्देशून म्हणाले, "वयनी, वाट तुमी दावली. आमी मागनं आलो."

 तात्यांनी पोराला पुढे घातलं. खाशाबाची छाती मोजायला फीत पुरेना म्हणून सगळे हसले. साहेब खूश झाला. एका गावाचे, एका घराण्याचे दोन जवान! त्यानं उठून तात्यांशी हात मिळवला.

पाटीलकीचं सुभेदारांनी त्याच्या कानावर घातलं होतं. साहेबानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि सुभेदारांकडून निरोप दिला. दोन्ही घरांनी सरकारला मुलगा दिला आहे, दोन्ही घरं सरकारला सारखी. आज निकाल करत नाही. जे घर जास्त सेवा करील, त्याचा विचार होईल. तोवर पाणी मात्र पाळीप्रमाणं सोडायचं.

मी हे पडद्याला सांगितलं.

"जास्त सेवा म्हंजी काय?" आईनं विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. सुभेदारांना विचारायला गेले तर ते म्हणाले, "घरी जा, पोरी."

दोघे भाऊ संगतीनंच गेले. घरं फुटली होती, पण त्यांच्यात कधी काही आलं नव्हतं. खाशाबानं दादाचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर टाकलं. तानूकाकी, खाशाबाची आई, वेशीपर्यंत रडत आली. माझी आई छकड्यातच बसून राहिली. पडदा मात्र तिनं बोटभर सारला होता.

पाणी आलं. पाळीच्या दिवशी पाट भरून वाहू लागला, आणि तात्यांचा गडी स्वतः येऊन "दार उघडलंय" म्हणून सांगून जाऊ लागला. गावातल्या बाया आईला पुन्हा लग्नकार्याची बोलावणी देऊ लागल्या. दाराआडून तिचा आवाज जरा मोठा झाला. ते वर्ष आम्ही चांगलं काढलं.

मग पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी सुभेदार आले आणि आमच्या ओट्याकडं न येता गल्लीतच थांबले. आमचं आणि तात्यांचं घर समोरासमोर. ते मधोमध उभे राहिले, कुठल्या दाराकडं तोंड करावं ते त्यांना समजत नव्हतं. काकी बाहेर आली. मी बाहेर आले. आमच्या दाराआड आई येऊन उभी राहिल्याचं मला तिच्या पावलांवरून कळलं.

"तार आली आहे," सुभेदार म्हणाले. "शिपाई जगदाळे, पिंपळगण. नाव म्हणून एवढंच आहे तीत. पहिलं नाव गळलं आहे." आमच्या गावातून पलटणीत गेलेले जगदाळे दोघेच.

"काय झालंय त्याला?" काकीनं विचारलं.

सुभेदारांनी डोक्यावरचा फेटा काढला.

त्यांनी पलटणीच्या ठाण्याकडं माणूस घोड्यावर धाडला होता. तो परत येईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नव्हता. तात्या घरात गेले आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. काकी गल्लीतच बसली. ऊन चढलं तसं आई दाराआडून म्हणाली, "हौसा, काकीला वर घे."

वडील गेल्यापासून काकी आमच्या ओट्यावर चढली नव्हती. ती आली आणि खांबाला टेकून बसली. दोन्ही घरांत चूल पेटली नाही. मी तांदूळ निवडायला घेतले तर काकीनं माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि स्वतः निवडत बसली. निवडून झाले की पुन्हा पहिल्यापासून. आई आतल्या बाजूला उंबऱ्यापाशी बसून होती. दोघी जावा फळीच्या दोन बाजूंना. एकीला ठसका लागला की दुसरी पाण्याचा तांब्या सरकवायची.

दुसऱ्या दिवशी सुभेदार पुन्हा आले. माणूस अजून परतला नव्हता. बिचारे कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हते. जायला वळले तेव्हा आई म्हणाली,

"इचार त्यांना. ज्येच्या घरचा गेला, त्येचं काय करनार सायेब?"

 काकी तिथंच होती, हातभर अंतरावर. तिला सगळं ऐकू गेलं होतं. सुभेदारांनाही.

"इचार."

"आई..."

"हौसा, इचार म्हन्ते ना."

मी विचारलं.  सुभेदार जमिनीकडं बघू लागले.

"मेलेल्याच्या घराला साहेब नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पाटीलकी त्या घराची."

सुपातला काकीचा हात थांबला. तिनं मान वळवून त्या फळीकडं बघितलं, जणू तिला आरपार दिसत होतं.

"अक्का," ती म्हणाली, "घे गं पाटीलकी. तुलाच लाभू दे. मला माझं पोर दे."

 त्या मागण्याचा अर्थ आम्हा तिघींनाही कळला होता. सुभेदारांनाही कळला असावा, कारण ते फेटा काढून हातात घेऊन निघून गेले.

घोडेस्वार तिसऱ्या दिवशी आला. आनंदादादा होता.

आई रडली नाही म्हणून गावानं तिला पुढं बरीच नावं ठेवली. मी तिच्याजवळ होते, म्हणून सांगते. ती उठली, फळीला धरून उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा भर दिवसा ओट्यावर आली. काकी तोंडात पदर कोंबून बसली होती. तिला रडू येत होतं आणि तिच्या तोंडावर सुटकाही होती, आणि ती लपवायला तिला जमत नव्हतं. आईनं ते बघितलं.

"जा, ताने," आई म्हणाली. "घरी जाऊन चूल पेटव. तुजा हाय."

मग ती आत गेली आणि गोठ्यात जाऊन बसली. संध्याकाळी बैल सोडायला गेले तेव्हा ती दावणीला पाठ लावून तशीच होती. तिची मूठ उघडून मी दावं काढून घेतलं. हाताला वळ पडले होते.

कलेक्टरसाहेबाचा मुक्काम तालुक्याला आला तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. कचेरीत आईला खुर्ची दिली. मी खुर्चीमागे उभी राहिले. तात्या आधीच आले होते. त्यांनी ठेवणीतला जरीचा फेटा बांधला होता. पुतण्याच्या सुतकातून उठलेल्या माणसानं जरीचा फेटा का बांधावा, हे मला थोड्याच वेळात कळलं.

"बाई, तुमचं दुःख सरकार जाणतं," साहेब म्हणाला. मराठी तो नीट बोलायचा, फक्त सावकाश. "पाटीलकी तुमच्या घराची. जास्त सेवा करणाऱ्या घराचा विचार करू, असा मी शब्द दिला होता. पण आता नाव कुणाचं लावायचं? तुमच्या घरात पुरुष उरला नाही."

"वारस मीच लागतो, सायेब," तात्या हात जोडून म्हणाले. "सख्खा दीर हाय. वयनींना मरंस्तोवर खायला घालीन."

मी खाली वाकले, आई काय म्हणते ते ऐकून साहेबाला सांगायला. आईनं मला हातानं मागं सारलं.

"ऱ्हाऊ दे. मी बोलते."

तिनं पदर कपाळापर्यंत घेतला आणि सरळ साहेबाकडं बघितलं. "वारस म्या करनार, सायेब. दत्तक घेनार. यांचा पोरगा, खाशाबा. त्येला पलटनीतनं सोडवून आना आनि माझ्या मांडीवर द्या."

 तात्यांचं तोंड उघडं राहिलं.

"एकुलतं एक पोर कुनी दत्तक देतं व्हय?" ते ओरडले. "शास्तर हाय का न्हाई काई?"

"एकुलतं पलटनीत देताना शास्तर आठवलं न्हाई? मरायला देता येतं, तर माझ्या मांडीवर द्यायला काय झालं?"

साहेबानं सुभेदारांकडं बघितलं. सुभेदार खाली वाकून काही बोलले. मग साहेब म्हणाला, "एका घराण्यातला एक गेला, तर दुसऱ्याला परत बोलावण्याची शिफारस मी करू शकतो. माझा शब्द पलटणीत मानतात. पण आईबापानं मुलगा खुशीनं दिला पाहिजे."

"न्हाई," तात्या म्हणाले. "लढाई सपत आली. त्यो आपसूक येतोय."

"देते."

आवाज पायरीवरून आला. तानूकाकी चालत तालुक्याला आली होती, एकटी. पाय धुळीनं माखलेले. एवढ्या पुरुषांसमोर ती दारात उभी होती आणि तिच्या डोक्यावर पदर नव्हता, याचं तिला भान नव्हतं.

"देते मी," ती म्हणाली. "माझं म्हनून न्हाई तर न्हाई. जगू दे."

तात्यांनी मान खाली घातली. त्यांच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

खाशाबा दिवाळीच्या सुमारास आला. तालमीतलं शरीर हिवतापानं वाळून गेलं होतं. दादाबद्दल मी त्याला विचारलं, तेव्हा म्हणाला, "तापानं गेला. हितली शिकवनी सपून बोटीतनं उतरल्यावर म्हैनाभरात. बंदूक उडवलीच न्हाई त्यानं, हौसा. बैलांची नावं घेत हुता."

दत्तविधानाच्या दिवशी एवढा थोरला गडी माझ्या आईच्या मांडीवर टेकला. काकीनं त्याचा हात आईच्या हातात दिला. भटजी मंत्र म्हणत राहिले, आणि काकीनं हात सोडायला जो वेळ घेतला तेवढा वेळ ते तीच ओळ पुन्हा म्हणत राहिले. आईनं एकच अट घातली होती. घरात आई एकच राहील.

माझं लग्न सुभेदारांच्या पुतण्याशी झालं. मला कुणी विचारलं नाही. तो पलटणीत नाईक होता, पुढं जमादार झाला. माझे मुलगे छावणीतल्या शाळेत शिकले, आणि धाकटा तर कमिशन घेऊन साहेब होऊन बाहेर पडला. गावातल्या ज्या घरांचं कुणी पलटणीत नव्हतं, ती घरं मी एकेक करून मोडताना बघितली. आमचं मोडलं नाही. आईनं पुढची वीस वर्षं खाशाबाच्या नावानं गाव चालवलं. बंधाऱ्याचं पाणी तिच्या काळात कुणालाही, अगदी तात्यांनाही, कमी पडलं नाही.

माहेरपणाला गेले असताना एकदा मी तिला विचारलं. ती म्हातारी झाली होती, उन्हात पाय पसरून बसली होती.

"आई, त्या दिवशी कचेरीत तू काकीचं पोर वाचवलंस का तिच्यावर सूड उगवलास?"

तिनं वाटीतलं तेल घेऊन पायाला चोळलं.

"दोन्ही," ती म्हणाली. "हातात काय असलं तरच मान्साला दोन्ही करता येतं. रिकाम्या हातानं सूड बी हुत न्हाई आनि दया बी हुत न्हाई."

"आणि दादा?"

तिनं तेलाची वाटी उलटी करून ठेवली आणि आत गेली.

त्याच मुक्कामात एका सकाळी मी ओट्यावर होते. काकी समोरच्या घरातून ताकाचं गाडगं घेऊन आली. रोज यायची म्हणे. पायरीशी थांबली, वर चढली नाही. खाशाबा फेटा बांधत बाहेर आला, तशी तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि पोटच्या पोरापुढं थोडं वाकून म्हणाली,

"पाटील, ताक आनलंय."

खाशाबानं एकदा आतल्या दाराकडं बघितलं.

"ठेवा, काकी," तो म्हणाला.